घंटेच्या दानाची पावती

टेनी कोव्ह, मेन
२ डिसेंबर २०२०

लेलंड,

फाडण्याआधी एवढं वाच: हे कामाचं पत्र आहे. तू तिकडे ओहायोत लोकांची करविवरणं भरून पोट भरतोस आणि मला कराबद्दल एक शंका आहे. इथला सर्वांत जवळचा करसल्लागार तासाचे जे पैसे मागतो, त्यात आमच्या चर्चचं महिन्याचं तेल येतं. तू माझा भाऊ आहेस हा योगायोग समज. आपला धाकटा एमरी बुडाल्यापासून तू माझा फोन घेत नाहीस, म्हणून टपाल. टपाल कोणाला घ्यावं लागत नाही, ते दारातल्या फटीतून आपणहून आत पडतं.

साथीमुळे प्रार्थना गाडीतळावर होते. मी मर्टलच्या ट्रकच्या हौद्यात उभी राहते, माणसं आपापल्या गाड्यांत काचा वर करून बसतात, आणि 'आमेन' म्हणायच्या जागी हॉर्न वाजवतात. आयुष्यभर भाषणं केली, पण इतका दणदणीत होकार कधी मिळाला नव्हता. मागच्या रविवारी मी करावर बोलले. हसू नकोस. धर्मोपदेशकाने कराबद्दल बोलू नये असं ज्यांना वाटतं, त्यांनी धर्मग्रंथ नीट वाचलेला नसतो.

मी म्हणाले, या देशात दानाची नोंद कोणाची होते? ज्याच्याकडे नोंद ठेवायला माणूस आहे त्याची! ज्याचं घर मोठं, कर्ज मोठं, खर्च मोठा, तो वर्षाअखेरीस खर्चाची लांबलचक यादी जोडतो, तिच्यात दान लिहितो आणि सरकार त्या दानावरचा कर सोडतं. तुमची यादी तेवढी कधी भरतच नाही. तुम्हाला सरकार म्हणतं, ही घ्या ठोक वजावट, सगळ्यांना सारखी, आणि गप्प बसा. मग गोठलेल्या बोटांनी शेवंडांचे सापळे ओढणाऱ्या माणसाने टोपलीत टाकलेली नोट त्या ठोक रकमेत बुडून जाते. जणू टाकलीच नाही! माझ्या तरुणपणी थोडी वर्षं सवलत होती, तीही काढून घेतली. यंदा पुन्हा कायद्याने कबूल केलं आहे की यादी न जोडणाऱ्यालाही हात असतो आणि तो हातही देतो. ठोक वजावट आहे ती आहेच, वर तीनशे डॉलरपर्यंतचं दान वेगळं वजा होईल. मला तुमचे पैसे कमी हवेत, तुमची नोंद जास्त हवी!

हॉर्न इतके वाजले की सीगल उडाले.

हॉलिस बीलने काच खाली केली. तो तसाच आहे, फक्त दात कमी झालेत. "रेव्हरंडबाई, तीनशे दिले तर मला सुटणार किती?"

"तुझ्या उत्पन्नावर? छत्तीस डॉलर."

"छत्तीस!" तो बायकोकडे वळला. "व्हर्ना, सामान बांध. फ्लोरिडात घर घेऊ."

"आधी आपल्या घराचं छप्पर कर," व्हर्ना म्हणाली, आणि तिनेच हॉर्न दाबला.

पैसे कशासाठी ते सांगते. मनोऱ्याची तुळई कुजल्यापासून घंटा मुकी आहे. बेटावरचा धुक्यात वाजणारा सरकारी भोंगा आता मागितल्याशिवाय वाजत नाही. होडीवरून रेडिओचं बटण दाबून मागावं लागतं. धुकं येतं आणि गाव नुसतं गप्प बसून राहतं. म्हाताऱ्यांना ते सोसत नाही. ते म्हणतात, धुक्यात घंटा वाजली पाहिजे, कोणी पाण्यावर असो वा नसो.

शंका अशी: हॉलिसने काल शेवंडांचा एक क्रेट आणून पायरीवर ठेवला आणि म्हणाला, हे माझं दान, लिहा तीनशे. ते चालतं का? आणि पावतीत काय लिहायचं? त्वरित कळव. तुझे जे काही दर असतील ते कळवू नकोस.

थर्झा

•

२० डिसेंबर २०२०

लेलंड,

तुझं उत्तर मिळालं. टाइप केलेला एक कागद. वर 'प्रिय' नाही, खाली सही नाही. 'फक्त रोख किंवा धनादेश. शेवंड चालणार नाहीत.' एवढ्या वर्षांनी भावाने लिहिलेलं पहिलं वाक्य! मी ते मर्टलला मोठ्याने वाचून दाखवलं. ती खजिनदार आहे, तिला ते फार आवडलं.

आणि तुझं तिसरं कलम. एका वेळी अडीचशे किंवा जास्त दिले असतील, तर दात्याकडे चर्चची लेखी पावती हवी आणि तिच्यात हे वाक्य हवंच: 'या दानाच्या बदल्यात दात्याला कोणतीही वस्तू किंवा सेवा देण्यात आलेली नाही.' दिली असेल तर ती काय होती आणि तिची किंमत किती ते लिहा, तेवढी रक्कम वजावटीतून गेली.

मला हे वाक्य मनापासून आवडलं होतं. कायद्याच्या पुस्तकात इतकं स्वच्छ वाक्य असेल अशी अपेक्षा नव्हती. दिलं आणि बदल्यात काही घेतलं नाही, यालाच दान म्हणायचं, बाकी सगळी दुकानदारी. यावर मी तासभर बोलू शकले असते. आता मला त्याच वाक्याची भीती वाटते. का, ते सांगते.

हॉलिसने शेवंड परत नेले आणि डेलचं मशीन विकलं. डेल म्हणजे त्याचा मुलगा, एमरीच्या आदल्या हिवाळ्यात गेला तो. त्याच्या होडक्याचं मशीन हॉलिसने आजवर कोणाला हात लावू दिलं नव्हतं. ते विकून तीनशे डॉलर रोख आणले आणि मर्टलच्या हातावर ठेवले. आणखी बऱ्याच जणांनी दिले. तुळई बदलली, घंटा चढली.

मंगळवारी थंडी मोडली आणि सकाळी धुकं आलं. घट्ट, दुधासारखं. मी दोर ओढला. आवाज अजून तोच आहे, किंचित बसलेल्या गळ्याचा. तासाभराने हॉलिस मनोऱ्याच्या जिन्याशी येऊन उभा राहिला. टोपी हातात. मुखपट्टी हनुवटीखाली.

"पाण्यावर कोण आहे?"

"कोणी नाही. सगळ्या होड्या धक्क्याला आहेत, तूच म्हणालास."

"मग शिंग कोण फुंकतंय?"

"कसलं शिंग, हॉलिस?"

"डेलचं." तो अगदी साध्या आवाजात म्हणाला, जणू पोस्टमन आला होता. "पत्र्याचं. तोंडाशी चेपलंय, म्हणून शेवटी खरखरतं. मीच चेपवलं होतं ते. त्याच्यावर बसलो होतो. तुम्ही घंटा दिलीत की ते वाजतं. तुम्ही थांबलात की थांबतं."

मी खिडकीतून कान दिला. पाणी, आणि गोठलेल्या दोरांची कुरकुर. बाकी काही नाही.

दुपारपर्यंत तिघांनी येऊन हेच सांगितलं. प्रत्येकाला आपल्या माणसाचं शिंग ऐकू आलं होतं. तुला माहीत आहे, इथे धुक्यात प्रत्येक होडीवरून फुंकतात त्या शिंगाचा आवाज घरच्यांना खोकल्यासारखा ओळखू येतो. एकाला वडिलांचं, एकीला नवऱ्याचं. मर्टल तिथेच उभी होती. "मला घंटा ऐकू आली," ती म्हणाली, "आणि हॉलिसचं नाक शिंकरणं."

मर्टलने घंटेसाठी दान दिलेलं नाही. ती म्हणते, मी फुकट हिशेब ठेवते तेच पुरे. मीही दिलेलं नाही. मागणाऱ्याने आपल्याच टोपलीत टाकू नये असं माझं मत आहे. ज्यांनी दिलं, त्यांनाच ऐकू आलं. ज्यांनी दिलं नाही, त्यांना धुकं आणि घंटा.

याच व्यासपीठावरून मी भुताखेतांवर, भविष्य सांगणाऱ्यांवर, पैसे घेऊन आशीर्वाद विकणाऱ्यांवर कडाडून बोलले आहे आणि पुन्हा बोलेन. पण मला जानेवारीत पावत्यांवर सही करायची आहे. तू कायदा जाणतोस. सांग, मेलेल्या मुलाचं शिंग ही वस्तू आहे की सेवा?

थर्झा

•

१६ जानेवारी २०२१

लेलंड,

तुझ्या पाकिटात दोन गोष्टी निघाल्या. एक तुझं उत्तर. 'केवळ अमूर्त धार्मिक लाभ मिळाला, असं लिहा. कायद्यात तशी तरतूद आहे आणि त्या लाभाची किंमत काढावी लागत नाही. पुढच्या वेळी त्यांच्याकडून दीडशे-दीडशे असे दोनदा घ्या, म्हणजे पावतीचाच प्रश्न येणार नाही.' वाहवा! बाबा म्हणायचे ते खरं, तुला जहाजात भोक दिसलं तर तू त्याचं माप घेशील.

दुसरा तीनशे डॉलरचा धनादेश. खालच्या ओळीत एकच शब्द: घंटा. टपालाचा शिक्का ३१ डिसेंबरचा, म्हणजे गेल्या वर्षात धरला जाणारा. तू चिठ्ठी लिहिली नाहीस, मीही काही विचारत नाही. धनादेश मर्टलने बँकेत भरला.

पण पावत्या मी अडकवून ठेवल्या आहेत आणि गावात माझ्यावर रोष आहे. काल मर्टल स्वयंपाकघरात येऊन बसली.

"त्या वाक्यात काय अडलंय? छापील नमुना आहे. आपण सही करायची, पाकिटात घालायचं."

"ते खोटं असेल तर?"

"खोटं कसं? तू कोणाला काय दिलंस? कॉफी तरी दिलीस?"

"त्यांना काहीतरी मिळालंय, मर्टल."

"मग अमूर्त लिही. तुझा भाऊ म्हणतोच आहे."

"मला ते अमूर्त आहे का, आणि धार्मिक आहे का, हे कोण सांगणार?"

"थर्झा," ती म्हणाली, "माणसं छत्तीस डॉलरची वाट बघतायत आणि तू त्यांना तत्त्वज्ञान देतेस. ते मात्र अगदी अमूर्त आहे."

तिला मी सांगितलं नाही ते तुला सांगते. बातमी किनाऱ्यावर पसरली आहे. आता दुसऱ्या खाड्यांवरून माणसं येतात. गाडी लावतात, मुखपट्टी सारखी करतात आणि विचारतात, किती दिले की ऐकू येतं? एका बाईने विचारलं, माझ्याकडे निम्मेच आहेत, निम्मे दिले तर निम्मं ऐकू येईल का? मी ट्रकच्या हौद्यात उभं राहून म्हणाले होते, मला तुमची नोंद हवी. नोंद झाली. पण कोणाकडे झाली? दान म्हणून मागितलं, आणि माझ्या दाराशी दुकान उभं राहिलं, आणि त्या दुकानात मी नोकर आहे, मालक मला दिसत नाही.

शिंगं जवळ येत नाहीत. सगळे सांगतात, आवाज एकाच जागेवरून येतो, टेबल खडकाच्या पलीकडून. तू आणि एमरी जिथे सापळे टाकायचात तिथूनच.

एमरी हरवला त्या दिवसाबद्दल आपण एकदाही बोललो नाही, आता कागदावर बोलते. संध्याकाळी बाबांनी तुझ्या हातातून दोर काढून घेतला, कारण शोधायला गेलेल्या बोटींनी सांगितलं होतं, घंटा थांबवा, पाण्यावरून कोणी ओरडलं तर आम्हाला ऐकू येत नाही. तू दोर सोडत नव्हतास. तू म्हणालास, घंटा थांबली की तो समजेल आपण त्याला सोडलं. बाबा बरोबर होते असं मी तेव्हा म्हणाले, आजही म्हणते. त्यासाठी तू या गावाला पाठ फिरवलीस. मला पटत नाही, पण समजतं.

हॉलिस या थंडीत डेलचं होडकं रंगवतोय. ब्रशवर रंग गोठतो, तो फुंकर घालतो आणि पुन्हा लावतो.

थर्झा

•

११ फेब्रुवारी २०२१

लेलंड,

तुझं हाताने लिहिलेलं पत्र गेल्या आठवड्यात आलं. दोन शब्द. 'किती वेळा?' मला अर्थ लागला नाही. मी हॉलिसकडे गेले. तो होडक्यात बसून डोनट खात होता.

"लेलंड विचारतोय, शिंग किती वेळा वाजतं?"

"दोनदा. लांब लांब. मग गप्प. मग परत दोन." तो हसला. "लेलंडच विचारणार. तो पाण्यावर गेलेला आहे. तुम्ही सगळ्या जमिनीवरच्या, तुम्हाला वाटतं पोरगा बापाला हॅलो म्हणतोय."

"मग काय म्हणतोय?"

"डोनट घ्या, रेव्हरंडबाई. व्हर्नाने काकवी जास्त घातलीय, पण बरे झालेत."

मी डोनट घेतला. तो मी खाल्लाही. हे मी विसरू शकत नाही.

सोमवारी पाण्यावरून वाफ उठली, कडाक्याच्या थंडीत उठते तशी, माणसाच्या उंचीची. गावाने घंटा मागितली, मी दिली. हॉलिसने होडकं पाण्यात लोटलं आणि वल्ही मारत टेबल खडकाकडे गेला. मशीन विकलेलं होतं, म्हणून कोणाला त्याचा आवाज आला नाही. दुपारी होडकं रिकामं सापडलं. आतून कोरडं. वल्ही नीट आत घेऊन ठेवलेली, जसं दुसऱ्या होडीच्या बाजूला लागल्यावर ठेवतात.

काल तुझं दुसरं पत्र आलं. मी ते तीनदा वाचलं. शिंगाचा एक लांब आवाज म्हणजे होडी चालती आहे. दोन लांब म्हणजे होडी उभी आहे, तिला पुढे येता येत नाही. 'तो उत्तर देत नाही, थर्झा. तो सांगतोय की मला येता येत नाही, तुम्ही या.' समुद्रावर गेलेल्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे, आणि तरीही या किनाऱ्यावरच्या साऱ्या म्हाताऱ्यांनी ते उत्तर म्हणून ऐकलं, कारण त्यांना उत्तर हवं होतं. एकट्या हॉलिसने ते जसं होतं तसं ऐकलं.

आणि पुढे तू लिहिलंस की बर्फ वितळताना तुझ्या घरामागच्या मक्याच्या खुंटांवर धुकं उतरलं आणि त्यातून तुला दोन लांब आवाज आले. समुद्रापासून इतक्या दूर. शेवटी किंचित वर चढणारा, एमरीचाच. तुझं अक्षर त्या ओळीत सरळ आहे. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

आज सकाळी मी सगळ्या पावत्यांवर सही केली. अमूर्त नाही, धार्मिक नाही, छापील वाक्य जसंच्या तसं. व्हर्नाची पावती स्वतः घेऊन गेले. ती धक्क्यावर हेरिंग माशांचं पिंप धूत होती. हात पुसून तिने वाचली.

"काहीही देण्यात आलेलं नाही?"

"नाही."

"माझा नवरा त्या आवाजामागे गेला, आणि तुम्ही लिहिता काही नाही?"

"तेच तर, व्हर्ना. तुम्हाला काही दिलं नाही. तुमच्याकडून मागितलं. मला उशिरा कळलं."

तिने पावतीची घडी घातली, पुन्हा उघडली. "तुम्ही फार छान बोलता," ती म्हणाली. "माझ्या आईनंतर तुमच्याइतकं छान कोणी बोललेलं मी ऐकलं नाही. हे जरा आधी बोलायचं होतं."



तू शेवटी लिहितोस, 'निघतोय.' येऊ नकोस. हे मी बहीण म्हणून लिहिते आहे, कामाचं म्हणून नाही. तुझी पावती सोबत जोडली आहे. तुझी छत्तीस किंवा जे काही असतील ते डॉलर घे आणि मक्याच्या शेतात राहा. धुकं आलं की रेडिओ मोठा कर.

थर्झा

•

लेलंड मेरिथ्यू
हस्ते मर्टल क्रॉली
बीलचा धक्का, टेनी कोव्ह

३ मार्च २०२१

लेलंड,

तू गावात आलास आणि मला भेटला नाहीस. व्हर्नाच्या, सापळ्यांचं आमिष ठेवायच्या खोपटात राहतोस, हॉलिसच्या होडक्याला डांबर लावतोस. मर्टलने तुला सूप आणून दिलं तर तिला म्हणालास, बहिणीला सांग, मला भाषण नकोय. बरं. हे भाषण नाही.

काल तू जेवायला गेलास तेव्हा मी धक्क्यावर आले आणि वल्ही उचलून आणली. दोन्ही इथे माझ्याजवळ आहेत, वेदीला टेकून उभी. मर्टल म्हणाली, चोरी आहे ही. मी म्हटलं, व्हर्नाला विचार. व्हर्नाने ती चर्चला देऊन टाकली आहेत. पावती मागितली नाही.

काल आणखी एक केलं. मी घंटेसाठी तीनशे डॉलर दिले. माझे, तेलाच्या पैशातले नाहीत. मर्टलने पावती लिहिली. ज्याला मी दुकान म्हणाले त्याच दुकानात मी पाऊल टाकलं, मला माहीत आहे. पण ज्या गोष्टीबद्दल मी या गावाला काही सांगणार, ती न ऐकता सांगणार नाही.

आज सकाळी धुकं आलं ते तुला दिसतंच आहे. गाडीतळ भरला. परगावच्या गाड्या रस्त्यापर्यंत लागल्या. मी वर गेले आणि दोर ओढला, आणि पहिल्याच ठोक्यानंतर ऐकलं. लेलंड, मी चुकीची कल्पना केली होती. मला वाटलं होतं ते अंगावर काटा आणणारं असेल. ते एमरीसारखं होतं. तो दारातून बूट न काढता आत यायचा आणि जेवायला काय आहे विचारायचा, अगदी तसं. दोन लांब, शेवट वर चढलेला. माझे पाय आपोआप जिन्याकडे वळले. मी कधी वल्हं धरलेलं नाही, आणि तरी मी तीन पायऱ्या उतरले होते.

मग मी परत वर गेले आणि झुलती घंटा थांबवली.

खाली हॉर्न सुरू झाले. या वेळी ते आमेन नव्हतं. एक माणूस गाडीतून उतरून ओरडला, "पैसे घेतलेत आमचे!" मी खिडकीतून म्हणाले, "घेतले. ज्याला परत हवेत त्याने मर्टलकडून न्यावेत. घंटा वाजणार नाही." आयुष्यातलं सगळ्यात लहान भाषण. तूही ते खालून ऐकलं असशील. मग तू धक्क्यावरून जे ओरडलास ते मीही ऐकलं. शब्द तेच, जे तू बाबांना म्हणाला होतास.

तुला उत्तर देते. मी त्याला सोडलेलं नाही. आपण घंटा वाजवत राहिलो तोवर त्याला एकच गोष्ट कळत होती, की आपण इथे आहोत आणि त्याला येता येत नाही. तो तेच सांगत राहिला, आपण तेच विचारत राहिलो. बाबांनी दोर का काढून घेतला होता? ऐकण्यासाठी. त्या दिवशी घंटा थांबल्यावर तू इथे नव्हतास. तू गाडी काढून निघून गेला होतास. ऐकायला कोणी थांबलंच नाही, शोधणारे सोडून, आणि त्यांना त्याचा आवाज ओळखीचा नव्हता.

आज मी थांबले. हॉर्न दमून बंद झाले, माणसं गप्प झाली. बराच वेळ पाण्याखेरीज काही नव्हतं. मी हे पत्र लिहायला घेतलं, एवढ्यात आवाज आला.

एक लांब.

मी लेखणी ठेवून वाट पाहिली. दुसरा आला नाही. थोड्या वेळाने पुन्हा एकच, आणि आता पुन्हा. मर्टल जिन्यात उभी आहे, तिला काही ऐकू येत नाही. ती म्हणते, लवकर लिही, माझे गुडघे आखडले. खाली काही जण गाडीबाहेर येऊन पाण्याकडे तोंड करून उभे आहेत. त्यांनाही आलं असावं. कोणी कोणाकडे बघत नाही.

एक म्हणजे होडी चालती आहे. ते तूच लिहिलंस. कुठे चालली आहे ते लिहिलं नाहीस. धुक्यात मला दिशा कळत नाही, एकदा वाटतं आवाज मोठा होतोय, एकदा वाटतं लहान. तू त्याच्याबरोबर होडीत बसलेला आहेस, तुला कळेल. खाली पाण्याच्या इतक्या जवळ उभं राहून नीट ऐकू येत नाही. मनोऱ्यात ये. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, खिडकीशी उभा राहा, ऐक, आणि मला एवढंच सांग, तो येतोय की जातोय.

थर्झा